एकशे साठ पत्रे

पुनरुत्पादनाचा धडा शिकवताना आपण फलन, भ्रूणाची वाढ, वार आणि नाळ इथपर्यंत आकृत्यांच्या आधाराने येतो. मूल जन्माला आले की धडा संपतो. ज्या बाईच्या पोटातून ते आले तिचे पुढे काय झाले, ती कितव्या दिवशी उठली, नऊ महिने तिने काय खाल्ले, कोणते काम केले, हे त्यात नसते. वैद्यकाच्या पुस्तकांतही ते बराच काळ नव्हते. प्रसूतीची वर्णने तिथे भरपूर होती, पण ती सारी पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाने लिहिलेली. पलंगावरच्या बाईने स्वतः लिहिलेले शोधू गेले तर सरदार-उमरावांच्या घरातली थोडी खासगी पत्रे हाती लागतात. कष्टकरी घरांतल्या बायकांचे जवळजवळ काहीच नाही.

म्हणून १९१५ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकाची हकिकत सांगावीशी वाटते. पुस्तकाचे नाव 'मॅटर्निटी : लेटर्स फ्रॉम वर्किंग विमेन'. कामकरी बायकांनी आपल्या गरोदरपणाबद्दल, बाळंतपणाबद्दल आणि त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिलेली १६० पत्रे त्यात आहेत. पत्रांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. आणि पत्रांच्या जोडीला कोरडी माहिती दिली आहे : नवऱ्याचा आठवड्याचा पगार, जन्मलेली मुले, मृत जन्मलेली मुले, गर्भपात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माझ्यासारखीला 'अनुभव' हा शब्द ऐकला की जरा सावध होण्याची सवय असते. पण या चार नोंदींमुळे अनुभवाचे काहीतरी वेगळेच होऊन बसते.

ही पत्रे जमवली विमेन्स को-ऑपरेटिव्ह गिल्ड या संस्थेने. इंग्लंडमध्ये सहकारी भांडारांची चळवळ रॉचडेल गावी १८४४ मध्ये रुजली. भांडारातून जितकी खरेदी तितका नफ्याचा वाटा सभासदाला परत, अशी ती योजना. खरेदी करायच्या बायका, आणि सभेत बसायचे पुरुष! या विसंगतीतून १८८३ मध्ये बायकांचा हा संघ निघाला. खाणकामगार, विणकर, रेल्वेतले हमाल, गवंडी यांच्या बायका त्याच्या सभासद. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांची संख्या तीस हजारांच्या वर गेली होती. मार्गारेट ल्युइलिन डेव्हिस या १८८९ पासून १९२१ पर्यंत त्याच्या सरचिटणीस होत्या. पाद्र्याची मुलगी, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकलेल्या, अविवाहित. बाळंतपणाचा स्वतःचा अनुभव नसलेल्या बाईने हे काम हाती घेतले आणि त्यामुळेच कदाचित त्यांनी स्वतः बोलण्याऐवजी विचारले.

विचारण्याची वेळ का आली? दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी (१८९९–१९०२) सैन्यभरती सुरू झाली तेव्हा तपासणीला आलेले बरेच तरुण खुरटे, दातकिडके, अशक्त निघाले. साम्राज्याला घाम फुटला. १९०४ मध्ये शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचा अहवाल आला आणि सगळ्यांची नजर तान्ह्या मुलांकडे वळली. इंग्लंड-वेल्समध्ये १८९९ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६३ पहिला वाढदिवस पाहण्याआधी दगावली होती. दोष कुणाचा? सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्या लेखनात उत्तर ठरलेले असे : आईचे अज्ञान. तिला दूध उकळता येत नाही, बाटली धुता येत नाही, ती कामाला जाते. आईला शिकवा म्हणजे मुले जगतील. बाटलीच्या बाबतीत हे खोटे नव्हते. पण ज्या बाईला शिकवायचे तिची स्थिती काय आहे, हे तिला कुणी विचारले नव्हते.

गिल्डच्या बायकांना आणखी एक लढाई आठवत होती. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने विमा उतरवलेल्या कामगाराच्या बायकोच्या बाळंतपणासाठी ३० शिलिंग देऊ केले. सुईणीची किंवा डॉक्टरची फी त्यातच बरीचशी संपत असे, पण निदान काही तरी होते. मात्र कायद्याप्रमाणे ती रक्कम नवऱ्याची! गिल्डने त्याविरुद्ध मोहीम काढली आणि १९१३ च्या दुरुस्तीने ते पैसे बायकोच्या मालकीचे ठरले. पुढची मागणी होती गावोगावी मातृकेंद्रे, शिकलेल्या सुइणी आणि बाळंतपणाआधीची तपासणी यांची. मागणीला पुरावा हवा. तेव्हा गिल्डने आपल्या आजी-माजी पदाधिकारी बायकांना, सुमारे सहाशे जणींना, पत्र पाठवले. त्यात प्रश्न साधे होते. किती मुले झाली? एकामागोमाग किती अंतराने? पाच वर्षांच्या आत कुणी गेले का, कशाने? मृत जन्मलेली किती? गर्भपात किती? आणि या प्रश्नांपलीकडे, तुम्हाला त्या काळात काय सोसावे लागले ते आपल्या शब्दांत लिहा.

३८६ जणींची उत्तरे आली. आज डाकेने पाठवलेल्या प्रश्नावलीला शंभरातून साठ-पासष्ट उत्तरे आली तर संशोधक खूश होतात. आणि इथे उत्तर लिहिणारी बाई दिवसभर धुणे-भांडी करून रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, ज्या विषयावर आईशीही बोलायची चोरी, त्याबद्दल चार-चार पाने लिहीत होती.

पत्रांत काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे न कळण्याची. लग्न होईपर्यंत, कित्येकींना तर कळा सुरू होईपर्यंत, मूल कुठून बाहेर येते हे ठाऊक नव्हते. कुणी सांगितलेच नव्हते. ही तक्रार इतक्या पत्रांत येते की ती वैयक्तिक राहत नाही. दुसरी गोष्ट अन्नाची. बाळंतपणाचा खर्च आधी साठवायचा, तो आठवड्याच्या पगारातून, आणि पगारातून काढायची जागा एकच : स्वतःचे ताट. नवरा कमावतो म्हणून त्याला मांस, मुले वाढतात म्हणून त्यांना दूध, आणि पोटुशी बाई चहा-पावावर. सीबम राउन्ट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहराची पाहणी केली होती. पाच जणांच्या कुटुंबाला नुसती शरीरे धडधाकट ठेवायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा त्यांचा हिशेब होता. त्यात वर्तमानपत्र नाही, पोस्टाचे तिकीट नाही, बाळंतपण तर नाहीच. गिल्डच्या बायकांच्या नवऱ्यांचे पगार बहुतेक दोन पौंडांच्या, म्हणजे ४० शिलिंगांच्या आत होते आणि त्यांतले बरेचसे राउन्ट्रींच्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे घोटाळणारे. घरात माणसे मात्र पाचापेक्षा पुष्कळ जास्त.

तिसरी गोष्ट उठण्याची. आपल्याकडे बाळंतिणीचे दहा दिवस, मग सव्वा महिना, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, निदान पहिलटकरणीला माहेर, असा एक साचा आहे. तो कितपत पाळला जातो आणि कुणाच्या घरात, हा प्रश्न वेगळा. इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरांत बाळंतीण दोन-तीन आठवडे बिछान्यावर असे. या पत्रांतल्या काही बायका तिसऱ्या दिवशी उठून धुण्याच्या पिंपाशी उभ्या आहेत. मग पायांच्या शिरा फुगणे, पाय सुजणे, कंबर धरणे, आणि 'अंग बाहेर येणे'. या शेवटच्या दुखण्याने वर्षानुवर्षे त्रासलेल्या बाया पत्रांत अनेक भेटतात. कटीच्या तळाशी स्नायूंची आणि बंधांची एक झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय तिच्यावर तोललेले असतात. लागोपाठच्या बाळंतपणांनी, चिमट्यांनी झालेल्या आणि न शिवलेल्या जखमांनी ती सैल होते, आणि वरून जड ओझी उचलली की गर्भाशय खाली सरकते. यात माणूस मरत नाही, म्हणून ते कुठल्याच मृत्युनोंदीत येत नाही. पत्रांवाचून ते कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. सक्तीने दोन-तीन आठवडे आडवे पडून राहणे हाही काही रामबाण उपाय नव्हता. हालचाल थांबली की पायांच्या खोल शिरांत रक्त गोठते आणि ती गुठळी फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. म्हणून १९४० नंतरच्या काळात बाळंतिणीला लवकर चालते करण्याची पद्धत रुळली. चालणे वेगळे आणि पिंपातल्या ओल्या चादरी पिळणे वेगळे, एवढा फरक लक्षात ठेवला की पत्रांतले आणि आजचे वैद्यक एकमेकांच्या विरोधात जात नाही.

नवरे? पुस्तकात त्यांचा आवाज नाही, पण सावली पानोपानी आहे. काही बायकांनी आवर्जून लिहिले आहे की माझा नवरा चांगला, त्याने चूल पेटवली, मुलांना न्हाऊ घातले. काहींनी हेही लिहिले आहे की बाळंतपणानंतर पुरते सावरायच्या आतच शरीरसंबंधाला नाही म्हणता येत नाही. १९१५ च्या छापील इंग्रजीत असे वाक्य येणे ही लहान गोष्ट नव्हती. सरकारच्या स्थानिक प्रशासन खात्याचे प्रमुख राहिलेले हर्बर्ट सॅम्युअल यांची पुस्तकाला प्रस्तावना आहे.

आता आकड्यांकडे वळू. हा भाग शिक्षकांनी वर्गात फळ्यावर मांडण्यासारखा आहे.

नीट आकडे दिलेल्या बायका ३४८. त्यांची जिवंत जन्मलेली मुले १,३९६. मृत जन्मलेली ८३. गर्भपात २१८. पहिल्या वर्षात दगावलेली मुले १२२. गिल्डने हिशेब असा मांडला : ८३ आणि २१८ मिळून ३०१, म्हणजे दर शंभर जिवंत जन्मांमागे साडेएकवीस गर्भ वाया गेले. पाचांपैकी दोघींहून जरा अधिक जणींना मृत मूल किंवा गर्भपात यांचा अनुभव, आणि चौघींपैकी एकीने मूल वर्षाच्या आत गमावलेले. गिल्डचा निष्कर्ष : हे दारिद्र्य, अतिश्रम आणि दुर्लक्ष यांचे फळ.

तपासून पाहू. एकूण गर्भधारणा १,३९६ + ८३ + २१८ = १,६९७. त्यांपैकी गर्भपात २१८, म्हणजे शंभरात १३ च्या जरा खाली. आज, चांगले खाणाऱ्या-पिणाऱ्या आणि तपासणीला जाणाऱ्या स्त्रियांतही लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात १० ते २० गर्भपाताने संपतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. आईने घागर उचलली काय किंवा न उचलली काय, तो गर्भ टिकणार नव्हता. म्हणजे पत्रात एखादी बाई लिहिते की पाण्याची बादली उचलली आणि दुसऱ्या दिवशी दिवस गेले ते राहिले नाहीत, तेव्हा बादली खरी, दुसरा दिवस खरा, दुःख खरे. पण बादली हे कारण, हे तितक्याने सिद्ध होत नाही. आपल्याकडेही गर्भ पडला की पपईला, पायरीला, ग्रहणाला आणि शेवटी त्या बाईलाच जबाबदार धरतात. गुणसूत्रांची ही माहिती दहावीच्या मुलामुलींना देण्यासारखी आहे, असे मला ठामपणे वाटते.

मृत जन्मांचा आकडा मात्र वेगळेच सांगतो. १,३९६ आणि ८३ मिळून १,४७९ जन्म, त्यांत ८३ मृत, म्हणजे हजारी ५६. आजच्या इंग्लंडमध्ये हे प्रमाण हजारी चारच्या आसपास आहे. इथे अन्न, श्रम, संसर्ग, उपदंश आणि अडलेल्या बाळंतपणात वेळेवर न मिळालेली मदत यांचा वाटा मोठा. यात गिल्डचे म्हणणे बरोबर ठरते. आणि गंमत पाहा, गंमत म्हणू नये खरे तर : त्या वेळी देशाचा आकडा तुलनेला घ्यायचा म्हटले तर तो नव्हताच. इंग्लंडमध्ये मृत जन्मलेल्या मुलांची नोंद अधिकृत नोंदवहीत होऊ लागली ती १९२७ पासून. त्याआधी असे मूल ना जन्माच्या वहीत, ना मृत्यूच्या. ते फक्त आईच्या हिशेबात होते, आणि गिल्डने तो हिशेब मागून घेतला.

मृत जन्मांचे आणखी एक कारण पत्रांत दबक्या आवाजात येते. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी घेतलेली औषधे. त्यांतले भयंकर म्हणजे शिसे. जखमेवर लावायचे शिशाचे मलम तेव्हा कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळे. उत्तर इंग्लंडमधल्या गावांत बायका त्याच्या गोळ्या करून गिळत. शेफील्डमध्ये १८८० नंतरच्या काळात नळाच्या पाण्यातून शिशाची विषबाधा झाली होती आणि त्या वेळी गरोदर बायकांचे गर्भ पडतात हे बायकांच्या ध्यानात आले. तिथूनच ही युक्ती तोंडोतोंडी पसरली असावी, असे तिथल्या डॉक्टरांनी १९०५-०६ च्या सुमारास लिहिले. निरीक्षण अचूक, वापर जीवघेणा. बायका एकमेकींना अनुभव सांगतात त्यात हेही येते, ते वगळून चालणार नाही.

या सगळ्या आकड्यांत एक मोठे भोक आहे. विद्यार्थ्यांना ते शोधायला सांगावे. ३४८ जणींच्या बाळंतपणांत आई दगावल्याची एकही नोंद नाही. का? कारण मेलेली बाई पत्र लिहीत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये दर हजार प्रसूतींमागे चार ते पाच माता मरत. सुमारे दीड हजार प्रसूतींमागे सहा-सात. त्या सहा-सात जणी या पुस्तकाच्या बाहेर आहेत. शिवाय उत्तरे देणाऱ्या साऱ्या संघाच्या पदाधिकारी, म्हणजे वाचता-लिहिता येणाऱ्या, सभेला जाण्याइतकी उसंत काढणाऱ्या, कामकरी वर्गातल्या त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या. त्यांची बालमृत्यूची संख्या, १,३९६ मध्ये १२२, म्हणजे हजारी ८७. १९१० साली देशाचा आकडा हजारी १०५ होता आणि यांतली कितीतरी मुले त्याआधीच्या, आणखी वाईट वर्षांतली. तेव्हा या पत्रांत जे दिसते ते तळ नव्हे. तळातल्या बायकांच्या हाती लेखणीच नव्हती. हे डेव्हिस यांनाही ठाऊक होते आणि त्यांनी ते लपवले नाही.

माता कशाने मरत होत्या? सर्वांत मोठे एकच कारण म्हणजे बाळंतपणाचा ताप, सूतिकाज्वर. त्याची कथा सेमेलवाइसच्या नावाने बहुतेक शिक्षकांना माहीत असते. व्हिएन्नाच्या इस्पितळात दोन विभाग होते, एकात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्यात शंभरात ११ हून अधिक बाळंतिणी मेल्या, दुसऱ्यात तीनहून कमी. प्रेतांची चिरफाड करून आलेले हात याला कारण आहेत हे ओळखून १८४७ च्या मे महिन्यात त्याने विद्यार्थ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. पण या कथेतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. कुठल्या विभागात मरण आहे हे शहरातल्या गरीब बायकांना आधीच माहीत होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. वाटेतच बाळंत होऊन इस्पितळात येणाऱ्या बायकांना हा ताप कमी येतो, हेही दिसत होते. प्राध्यापक मात्र हवेतल्या विषारी वाफा आणि बायकांची भीती यांवर बोट ठेवत होते. त्याच्याही आधी, १७९५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डन याने आपल्या रोगिणींची यादी छापली, प्रत्येकीसमोर तिचे बाळंतपण कुणी केले ते लिहून. ताप ठराविक सुइणींच्या आणि खुद्द गॉर्डनच्या पाठोपाठ चालला होता. त्याने ते कबूल केले आणि गावाने त्याला टिकू दिले नाही.

इतके कळूनही इंग्लंडमधला मातामृत्यूचा दर १९३४ पर्यंत हजारी चाराच्या वरच राहिला. बालमृत्यू निम्म्याहून खाली आले होते, मातांचे नाही. आणि गिल्डच्या निष्कर्षाला इथे एक धक्का बसतो. १९३० नंतरच्या सरकारी आकडेवारीत वरच्या वर्गातल्या माता खालच्या वर्गातल्यांपेक्षा कमी मरत नव्हत्या. उलट थोड्या जास्तच. श्रीमंत बाई डॉक्टर बोलवी, डॉक्टरला घाई असे, तो चिमटे लावी. गरीब बाईकडे सुईण येई आणि वाट पाही. बाळाचे मरण गरिबीशी घट्ट बांधलेले होते. आईचे मरण मात्र तिच्या अंगाला कुणाचा आणि कसा हात लागतो यावर जास्त अवलंबून होते. मग १९३५ मध्ये जर्मनीत प्रॉन्टोसिल हे पहिले सल्फा औषध आले, १९३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट्स इस्पितळात लेनर्ड कोलब्रुक यांनी ते सूतिकाज्वरावर वापरून पाहिले, आणि १९५० च्या सुमारास दर हजारी एकाच्या आसपास आला. त्यात पेनिसिलिन, रक्त देण्याची सोय आणि सुधारलेली सुईणसेवा यांचाही हात होता.

पत्रांचे फळ त्याआधीच दिसू लागले होते. जुलै १९१४ च्या अखेरीस, युद्ध पेटायच्या तोंडावर, सरकारने मातृकेंद्रांसाठी अनुदान देऊ केले होते. पुस्तकाने त्या मागणीला जोर दिला. १९१८ च्या माता व बालकल्याण कायद्याने स्थानिक संस्थांना अशी केंद्रे चालवण्याचा अधिकार मिळाला. पत्रांच्या पद्धतीतला दोषही पुढे कुणीतरी दूर केला. ३ ते ९ मार्च १९४६ या एकाच आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांच्या आयांकडे आरोग्यसेविका गेल्या आणि १३,६८७ जणींना तेच-तेच प्रश्न विचारले. आता निवड बाईच्या हाती नव्हती, कॅलेंडरच्या हाती होती. खर्च किती आला, कळा कमी करायला काही दिले का, किती दिवसांनी घरकाम सुरू केले; प्रश्न गिल्डच्याच वळणाचे होते. त्यांतल्या काही हजार मुलांचा पाठपुरावा ती म्हातारी होईपर्यंत चालला.

आणि मुंबई? वॉशिंग्टनला १९१९ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बाळंतपणानंतर सहा आठवडे कामाला बंदी आणि आधी सहा आठवडे रजेचा हक्क असा ठराव केला. त्यानंतर मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या स्थितीची चौकशी डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरकडे सोपवली. १९२२ मध्ये तो अहवाल सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. शंभरातल्या ९८ गिरणी कामगार बायका आपल्या तान्ह्यांना अफू घालतात, ही त्यातली नोंद नंतर पुष्कळांनी उद्धृत केली. कामावर जाताना मूल झोपून राहावे म्हणून दिलेली ही बाळागोळी. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले प्रसूती लाभाचे विधेयक नामंजूर झाले. मुंबई कायदेमंडळात १९२८ च्या जुलैमध्ये अशाच विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, आणि १९२९ मध्ये तो कायदा झाला; भारतातला अशा प्रकारचा पहिला. गिरणगावातल्या त्या बायकांची पत्रे मात्र नाहीत. बहुतेकींना लिहिता येत नव्हते. त्यांच्यासारख्यांचे बोलणे आपल्याकडे वेगळ्या जागी साठले आहे, जात्यावरच्या ओव्यांत. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. डोहाळे, माहेर, मुलगी झाल्याचा सल, सारे त्यांत आहे. पगार, तारखा आणि मृत जन्मांची संख्या नाही.

संख्या मिळवण्याचे काम गडचिरोलीत झाले. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो निबंध १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या शंभरात आठ. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे काही तक्रार आहे असे सांगणाऱ्या शंभरात फक्त ५५. म्हणजे नुसते विचारून भागले नसते. नुसते तपासायचे म्हटले असते तर मुळात बायका आल्याच नसत्या. आधी त्यांच्याशी त्यांच्या शब्दांत बोलावे लागले.

वर्गात यातले काय करता येईल? आठवी-नववीच्या वर्गाला वरचे पाच आकडे देऊन दर काढायला लावावेत आणि कोण मोजले गेले नाही हे विचारावे. अकरावी-बारावीची मुले-मुली घरातल्या आजीला, काकूला किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंना गिल्डचेच प्रश्न विचारू शकतील. बाळंतपण घरी झाले की दवाखान्यात, कुणी केले, कितव्या दिवशी कामाला लागलात, त्या दिवसांत काय खायला मिळाले. आजोबांनाही विचारावे, ते त्या रात्री कुठे होते, हे त्यांना बहुधा कुणी विचारलेले नसते. नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडावा. गेलेल्या मुलाबद्दल आपणहून सांगितले तरच लिहावे. वहीवर नाव घालू नये, क्रमांक घालावा आणि क्रमांकांची यादी शिक्षकांनीही ठेवू नये. वर्ष आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी धाकटा केवढा होता, असे विचारले की अंदाजाने वर्ष लागते.